कोपरा एक, उमेदवार तीन

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं ज्याने म्हटलं त्याने बांधलेल्या घरात वाचायचा कोपरा मांडून पाहिला नसावा. नाहीतर म्हणीला तिसरं कलम जोडलं गेलं असतं.

काम तसं किरकोळ वाटतं. दहा बाय दहाची खोली. तीत एक खुर्ची, पुस्तकांची एक मांडणी आणि दोन स्पीकर. दिवस मावळला की तासभर तिथे बसायचं, हातात पुस्तक, मागे मंद काहीतरी वाजतंय. कागदावर हे सुख दहा मिनिटांत उभं राहतं. अडचण एवढीच की खुर्ची, मांडणी आणि स्पीकर या तिघांनाही एकच कोपरा हवा असतो. खोलीला चार कोपरे असतात ही भूमितीची थाप आहे. एक कोपरा दार खातं; उघड्या दारामागे उरतो त्याला कोपरा म्हणत नाहीत, तिथे केरसुणी राहते. दुसरा पलंगाचा. तिसऱ्यात बाहेरच्या भिंतीची ओल. म्हणजे निवडणूक एका जागेसाठी, उमेदवार तीन, आणि अर्ज कोणीच मागे घेत नाही.

पहिला नियम: सामान हलवू नका, वर्तमानपत्र हलवा. प्रत्येक वस्तूच्या खऱ्या मापाचा कागद कापून जमिनीवर अंथरायचा आणि दोन दिवस त्याभोवती वावरायचं. चालायला किमान दोन फुटांची वाट लागते. हातात पुस्तकांचा गठ्ठा असेल तर अडीच. दारं आणि खण पूर्ण उघडून मोजायचे. लबाडी होते ती इथेच. दार नव्वद अंशांत उघडलं तर खुर्ची बसत नाही असं दिसलं, की माणूस मनातल्या मनात ते साठ अंशांत उघडतो आणि पुढची दहा वर्षं घरात तिरका होऊन शिरतो. कागदाचा फायदा असा की तो पायाखाली आला तर फाटतो. खुर्ची पायाखाली येत नाही, करंगळीखाली येते.

मग खुर्ची आत आणायची. दाराची चौकट अडीच फुटांची आहे म्हणून अडीच फूट वाट मिळते हा भ्रम सोडा. बिजागऱ्या आणि पल्ल्याची जाडी मिळून दीड-दोन इंच गिळतात, म्हणून अडल्यावर जोर लावण्याऐवजी बिजागऱ्यांच्या पिना काढून पल्लाच उतरवावा. आरामखुर्ची पाठीवर आडवी करायची, पाठीचा भाग आधी आत घालायचा आणि चौकटीच्या कडेला आकड्यासारखी अडकवून फिरवायची. जिन्याच्या वळणावर हेच जमलं नाही तर स्वतःला दोष देऊ नका, तो गणिताचाही छळ आहे. काटकोनात वळणाऱ्या बोळातून नेता येईल असा सर्वांत मोठा सोफा कोणता, हा प्रश्न लिओ मोझर यांनी १९६६ साली रीतसर मांडला. बोळ एक एकक रुंद धरला तर उत्तर सुमारे २.२१९५ चौरस एकक येतं असा आकार जोसेफ गर्व्हर यांनी १९९२ साली दिला, आणि याहून मोठा सोफा शक्यच नाही अशी सिद्धता २०२४ साली एका कोरियन गणितज्ञाने मांडली. म्हणजे अठ्ठावन्न वर्षं गेली, आणि तीही सोफा उचलायचा नव्हता तेव्हा. शिवाय तो आदर्श सोफा जुन्या टेलिफोनच्या रिसीव्हरसारखा दिसतो. त्यावर बसायचं कसं, हे गणितात येत नाही.

जोडणीच्या खुर्चीबरोबर एक छोटी षटकोनी चावी येते. ती जपून ठेवा.

आता मांडणी. पुस्तकं दिसायला सोज्वळ असतात, पण वजनाला इमानदार. फूटभर लांबीची पुस्तकांची रांग आठ ते दहा किलो भरते. अडीच फुटांच्या पाच फळ्या भरल्या की शंभर-सव्वाशे किलो झाले. दीड-दोन धडधाकट माणसं भिंतीला टेकून रात्रंदिवस उभी आहेत असं समजा. हे वजन पेलायला बाजारात बहुधा मिळते ती लाकडाचा भुसा गोंदात दाबून केलेली फळी. ती पहिल्या दिवशी सरळ असते. दुसऱ्या महिन्यात तिला पोट सुटतं. त्या पोटामागे साधं गणित आहे: फळीचा झोळ तिच्या लांबीच्या चौथ्या घातात वाढतो. दोन फुटांची फळी तीन फुटांची केली तर झोळ दीडपट नाही, पाचपट. चार फुटांची केली तर सोळापट. जाडी मात्र तिसऱ्या घाताने मदतीला येते, म्हणून जाडी दुप्पट केली की झोळ आठव्या हिश्शावर. भुशाच्या १८ मिलिमीटर फळीला दोन आधारांमध्ये दोन फुटांहून जास्त अंतर देऊ नये. त्याच जाडीचं चांगलं प्लायवूड अडीच-तीन फूट निभावतं. (लांबी फुटात, जाडी मिलिमीटरमध्ये आणि फट सुतात मोजायची, ही सुतारांची भाषा आहे. तिची चेष्टा करू नये, तिच्यात घरं उभी राहिली आहेत.)

फळी आधीच आणली असेल तर उपाय स्वस्त आहे. समोरच्या कडेला दीड इंच रुंदीची सागाची नाहीतर तत्सम लाकडाची पट्टी उभी लावायची, गोंद आणि स्क्रू दोन्ही घालून. पट्टी उभी असली की ती वाकायला कबूल होत नाही आणि फळीलाही वाकू देत नाही. ताठपणा कित्येक पट वाढतो. तीच पट्टी आडवी लावली तर ती फळीबरोबर गुण्यागोविंदाने वाकते. पोट सुटलेली फळी काढून उलटी घालणं हा दुसरा उपाय. काही महिने ती छाती पुढे काढून उभी राहते आणि मग सावकाश पूर्वपदावर येते, व्यायामाचा संकल्प केलेल्या माणसासारखी.

मांडणी उभी राहिली की तिचा माथा भिंतीला बांधायचा. हे ऐच्छिक नाही. वरच्या फळीवरचं पुस्तक काढायला कोणी खालच्या फळीवर पाय ठेवला की सव्वाशे किलो साहित्य एकदम भेटीला येतं. त्यासाठी भिंतीला दोन भोकं लागतात, आणि शांत माणसाचा कस बघायचा असेल तर त्याला भिंतीला दोनच भोकं पाडायला सांगावीत.

आधी ड्रिल कुठे लावायचं नाही ते बघा: स्विचबोर्डच्या सरळ वर, सरळ खाली आणि त्याच उंचीवर आडव्या रेषेत. तारा सहसा याच वाटांनी धावतात. भिंतीत स्क्रू धरून ठेवणारा प्लास्टिकचा प्लग आठ मिलिमीटरचा तर बिटही आठचाच. गिलावा अर्धा-पाऊण इंच असतो आणि तो पकड देत नाही, म्हणून प्लग पूर्ण विटेत गेला पाहिजे. गिलावा धरून दोन-सव्वादोन इंच खोली लागते. तेवढ्या मापावर बिटाला चिकटपट्टी गुंडाळली की कुठे थांबायचं ते कळतं. भोकाच्या खाली एक जुनं पाकीट उघड्या तोंडाने चिकटवून ठेवा, भुकटी त्यात पडते. भोक पाडल्यावर आतली भुकटी फुंकून काढा, मात्र डोळे मिटून. ती नीट काढली नाही तर प्लग अर्ध्यावर अडतो आणि माणूस हातोड्याने त्याची समजूत घालू लागतो.

यात हमखास बिघडतं ते असं. बिट गिलाव्यातून सुरळीत जातं, मग विटेचा कठीण भाग लागतो, बाजूला चुन्या-सिमेंटची मऊ दर्ज असते, आणि बिट माणसासारखंच सोपी वाट धरतं. भोक दोन सूत सरकतं. दुसऱ्या बाजूचं भोकही सरकतं, पण उलट दिशेला. म्हणून आधी पाचच्या बिटाने वाट करायची आणि मग आठचं घालायचं. भोक सैल झालं तर काडेपेटीच्या काड्या कोंबायचा मोह होतो. घड्याळ टांगायचं असेल तर माझी हरकत नाही. पुस्तकांसाठी सरळ दहाचा प्लग वापरा. पोकळ किंवा हलक्या ब्लॉकांच्या भिंतीत साधा प्लग टिकतच नाही, त्यांचे वेगळे असतात.

पाणसळीबद्दल एक गुपित सांगतो. पाणसळ पृथ्वीशी इमान राखते, तुमच्या खोलीशी नाही. जमीन एकीकडे कललेली, छत दुसरीकडे, खिडकीची चौकट स्वतंत्र विचारांची. अशा घरात बुडबुडा बरोबर मध्ये आणून लावलेली फळी चक्क वाकडी दिसते, आणि येणारा प्रत्येक जण मान तिरकी करून तसं सांगतो. माझा पक्ष ठरलेला आहे: फळी मोकळ्या भिंतीवर असेल तर पाणसळीचं ऐकावं, खिडकीला खेटून असेल तर डोळ्याचं. उभी मांडणी मात्र पाणसळीनेच लावावी, पायाखाली पत्र्याची किंवा प्लायची पाचर सरकवून, नाहीतर तिची दारं कायमची अर्धवट उघडी राहतात.

पुस्तकं लावणं त्या मानाने सोपं. जड पुस्तकं खाली. मांडणी आणि भिंत यांत बोटभर फट, वारा खेळायला. खोलीतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशी धरते आणि पाठोपाठ कसर येते, जिला बांधणीतली खळ फार आवडते. पुस्तक काढताना कण्याच्या वरच्या टोकाला नख लावून ओढायचं नाही, तिथेच ते फाटतं. शेजारची दोन पुस्तकं आत ढकलायची आणि हवं ते कमरेला धरून काढायचं. विषयवार की उंचीवार, या वादात मी पडत नाही. एवढंच सांगतो की एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यांतला पाचवा म्हणतो की ग्रंथालय ही वाढत राहणारी जिवंत गोष्ट आहे. म्हणून प्रत्येक फळीचा पाव भाग रिकामा ठेवावा. छोट्या घरात तो पाव भाग नऊ दिवस रिकामा राहतो.

दिवा झटपट उरकू. उबदार पिवळसर प्रकाश, २७०० ते ३००० केल्व्हिन. साधारण ५०० ते ८०० ल्युमेनचा बल्ब, पुस्तकापासून दीड-दोन फुटांवर, खांद्याच्या मागून. अंतर दुप्पट झालं की पानावरचा उजेड जेमतेम पाव उरतो, म्हणून छताचा झगझगीत दिवा असूनही वाचताना डोळे बारीक होतात. बल्ब लुकलुकतो का हे मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहावं. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर बल्ब बदला, चष्मा नको.

खरी बारा भानगडींची गोष्ट आता येते. स्पीकरच्या खोक्यावर 'बुकशेल्फ' असं छापलेलं असतं. नावावर जाऊ नका, तो बुकशेल्फमध्ये ठेवायचा नसतो. ठेवला तर फळी त्याची साथीदार होऊन स्वतःच्या सुरात गाऊ लागते. बऱ्याच स्पीकरच्या पाठीला एक भोक असतं, त्यातून खर्जाची हवा बाहेर पडते. पाठीमागे वीतभर तरी मोकळी जागा हवी, हातभर मिळाली तर उत्तम. भिंतीजवळ गेलं की खर्ज फुगतो, कोपऱ्यात दोन भिंती मिळून आणखी फुगवतात. मग डग्गा एवढा घुमतो की गाणाऱ्याला पडसं झाल्यासारखं वाटतं. म्हणजे आपला तो एकुलता एक कोपरा स्पीकरला हवा असतो, पण स्पीकर त्या कोपऱ्याला नको असतो. जागाच नसेल तर मागच्या भोकात मोज्यांची गुंडाळी बसवतात. हा थट्टेचा उपाय नाही, फुगवटा खरंच उतरतो. मोजे धुतलेले असावेत, ही अट ध्वनिशास्त्राची नाही.

दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण करायचा. छोट्या खोलीत पाच फुटांची बाजू पुरते. उंच सुरांचा छोटा पडदा कानाच्या पातळीवर, बसल्यावर जमिनीपासून तीन-सव्वातीन फूट, आणि तोंडं किंचित आत वळवलेली. इतकं करून तुम्ही खुर्चीत घसरून लोळत वाचायला लागता आणि कान दीड फूट खाली जातात. इथे मी वाचकाच्या बाजूने आहे. लोळू द्या.

नाचता येईना अंगण वाकडं, ही तक्रार संगीतात उलटी लागू पडते. तिथे अंगण थोडं वाकडं असलेलंच बरं. समोरासमोरच्या भिंतींमध्ये ध्वनीची अर्धी लहर नेमकी बसते तो सूर खोली स्वतःच वाजवायला लागते. दहा फुटांच्या अंतराला हा सूर सुमारे ५६ हर्ट्झवर येतो. खोली चौकोनी दहा बाय दहा असेल तर लांबी आणि रुंदी दोघीही तोच सूर धरतात. भिंतीला पाठ टेकून बसलात तर तो सूर छातीवर बसतो. बरोबर मध्यावर बसलात तर गायब. जाणकार सांगतात की खोलीच्या लांबीच्या साधारण ३८ टक्के अंतरावर बसून सुरुवात करावी, म्हणजे आपल्या खोलीत भिंतीपासून पावणेचार फुटांवर. तिथे पलंगाची कड असते.

पुस्तकांनी मात्र इथे जुनं देणं फेडावं. मोकळ्या खोलीत टाळी वाजवा: दोन उघड्या भिंतींमध्ये आवाज टर्रर्र करत ये-जा करतो. त्यांतल्या एका भिंतीला लहानमोठ्या, मागेपुढे सरकलेल्या पुस्तकांची मांडणी लावा, टर्रर्र मोडतो, कारण वेडेवाकडे कणे आवाज इकडेतिकडे फेकतात. म्हणजे पुस्तकांचे कणे फळीच्या कडेला ओळीने जुळवणारा शिस्तीचा माणूस कानांचं नुकसान करत असतो. अव्यवस्थितपणाला शास्त्राचा आधार मिळण्याचे प्रसंग आयुष्यात थोडे, हा सोडू नये. पडद्यांवर फार भिस्त ठेवू नका. जाड, चुण्यांचा पडदा उंच सूर शोषतो, खर्ज त्याला जुमानत नाही. तो भिंतीलाही जुमानत नाही. भिंतीला कान असतात खरं, पण पलीकडच्या घराला तुमच्या आवडत्या गायकाचा एक शब्द पोचत नाही, फक्त धप्-धप् पोचते. म्हणून स्पीकरखाली रबराचे नाहीतर फोमचे जाड तुकडे, आणि रात्री हेडफोन. त्यातही जागतिक आरोग्य संघटनेचं मोठ्यांसाठीचं माप आठवड्याला चाळीस तास, ८० डेसिबलच्या आत, असं आहे.

तारा जोडताना लाल लालला, काळी काळीला, दोन्ही बाजूंना. दीड चौरस मिलिमीटरची वायर पुरे. तारेचा एखादा केस सुटून शेजारच्या खुंटीला टेकला तर अॅम्प्लिफायर गप्प होतो किंवा कायमचा गप्प होतो. एका बाजूची जोडणी उलटी झाली तर बिघाड लवकर कळत नाही, कारण आवाज येत असतो. फक्त खर्ज पातळ होतो आणि गायक नेमका कुठे उभा आहे ते समजत नाही. बातम्यांसारखा एकट्याचा आवाज लावून पाहा. बोलणारा दोन स्पीकरच्या बरोबर मधोमध बसलेला वाटला तर जोडणी ठीक. आणि गाणं थांबल्यावरही हुंऽऽ ऐकू येत असेल तर ती वीजपुरवठ्याची गुणगुण, देशागणिक ५० किंवा ६० हर्ट्झची आणि तिच्या पटींची. एकमेकांना जोडलेली यंत्रं वेगवेगळ्या सॉकेटवर असली की अर्थिंगचं वर्तुळ तयार होतं. सगळी एकाच बोर्डवर आणा, बहुतेकदा थांबते. अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला देणाऱ्याला घरात घेऊ नका.

तबकड्यांचा नाद असेल त्यांनी एवढं लक्षात ठेवावं की बारा इंची तबकडीचं वेष्टन जवळजवळ साडेबारा इंचांचं असतं आणि पुस्तकांची फळी सहसा दहा इंच खोल. म्हणजे अडीच इंच बाहेर, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या कोपराला. तबकड्या उभ्याच ठेवाव्यात. आडव्या रचल्या की खालच्या वाकतात. तबकडीयंत्र स्पीकरच्या फळीवर कधीही नको, सुई स्पीकरचीच थरथर ऐकून ती पुन्हा स्पीकरला सांगते आणि दोघं मिळून ओरडतात.

एवढं झालं की बसायचं. वाचताना ओळखीच्या भाषेतलं गाणं लावलं तर तीच ओळ तीनदा वाचली जाते. बोललेले शब्द वाचलेल्या शब्दांच्या वाटेत येतात, यावर मानसशास्त्रज्ञ १९७० च्या दशकापासून प्रयोग करत आले आहेत. नुसतं वाद्य लावा, किंवा न समजणाऱ्या भाषेतलं काहीतरी. तबकडीची एक बाजू वीस-बावीस मिनिटांत संपते. पुस्तक रंगलेलं असेल तर उठवत नाही, आणि मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या हिशेबाने सुई शेवटच्या चरीत दर १.८ सेकंदांनी टक् करत राहते. तीन-चार पानांनंतर ते टक् ऐकू येईनासं होतं. या साऱ्या खटाटोपात मला सर्वांत जास्त समाधान देणारा आवाज तोच.

मग एक दिवस एका विशिष्ट खर्जावर खोलीत काहीतरी झर्रर्र वाजायला लागतं. याची शोधपद्धत आहे. ४० हर्ट्झपासून २०० पर्यंत सावकाश चढणारा एकच सूर लावायचा आणि एकेका वस्तूवर तळहात ठेवत फिरायचं. हात ठेवल्यावर थांबलं तर चोर सापडला. खिडकीची काच, तसबिरीची चौकट, फळीखालची सैल खुंटी, दिव्याची टोपी, हे नेहमीचे संशयित. खुंटीला कागदाची घडी, तसबिरीच्या मागे रबराचं बोंडूक, काचेला पुट्टी. सगळे निर्दोष निघाले आणि झर्रर्र फक्त बसल्यावर येतं, शोधायला उठलं की थांबतं, असं असेल तर चोर खुर्चीच आहे. तिचा एखादा स्क्रू ढिला झालाय आणि वजन पडलं की तो बोलतो. खुर्ची उलटी करायची, षटकोनी चावीने अर्धा फेरा आवळायचा, एका मिनिटाचं काम.

चावी आपण हरवू नये म्हणून जपून ठेवलेली असते. घाईत हाताशी काही नव्हतं तेव्हा ती एका पुस्तकात खूण म्हणून घातली होती, हेही स्वच्छ आठवतं. साडेबारा फुटांपैकी कुठल्या तरी पुस्तकात.